समाधान वाटतं की मानून घेता?

वाचकांचे प्रश्न

स्वतःबद्दल आपलं काय मत आहे आणि आयुष्याबद्दल समाधान किती आहे, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं विचारणारी पत्रं या वेळी निवडली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यात झालेली चूक घरोघरी होते. वाचकांच्या इच्छेनुसार नावं छापलेली नाहीत.

प्रश्न: माझं वय ६३. आम्ही इंदूरला सुदामानगरमध्ये राहतो. मुलगी बंगळुरूला नोकरीला आहे. तिच्या ऑफिसात मनाच्या आरोग्याचा सप्ताह होता. त्यातली दहा वाक्यांची यादी तिनं फोनवर मराठीत वाचून माझ्याकडून भरून घेतली. मला ३० पैकी १४ गुण मिळाले. १५च्या खाली म्हणजे आत्मसन्मान कमी, असं त्यावर लिहिलं होतं म्हणे. तेव्हापासून ती रोज फोन करते. “आई, तू जन्मभर स्वतःला कमी लेखलंस,” म्हणते. मला तर तसं काही वाटत नाही. बहुतेक वाक्यांना मी “हो, बरोबर” म्हटलं, एकाला “अगदी बरोबर”. चूक माझी की त्या यादीची?

उत्तर: ताई, तुमच्या पत्रातल्या शेवटून दुसऱ्या वाक्यातच उत्तर आहे. ही यादी अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांची, १९६५ सालची. न्यूयॉर्क राज्यातल्या शाळकरी मुलामुलींच्या अभ्यासासाठी त्यांनी ती केली होती. तिच्यात पाच वाक्यं स्वतःच्या बाजूची असतात (“माझ्यात बरेच चांगले गुण आहेत” अशी) आणि पाच विरुद्ध बाजूची (“कधीकधी मी अगदीच कुचकामी आहे असं वाटतं” अशी). चांगल्या वाक्याला “बरोबर” म्हटलं की २ गुण, “अगदी बरोबर” म्हटलं की ३. उलट्या वाक्याला हिशेब उलटा: “बरोबर” म्हटलं तर १, “अगदी बरोबर” म्हटलं तर ०.

आता दहाही वाक्यांना सरळ “हो, बरोबर” म्हणणाऱ्या माणसाचा हिशेब मांडू. पाच चांगल्या वाक्यांचे १०, पाच उलट्यांचे ५, एकूण १५. त्यात एका उलट्या वाक्याला “अगदी” जोडलं की एक गुण जातो आणि राहतात १४. तुमचे तेवढेच आले. पलीकडून लेक प्रेमानं विचारते आहे आणि आई प्रत्येक वाक्याला हो म्हणते आहे, त्याचे हे गुण आहेत. तुमच्या आत्मसन्मानाबद्दल त्यातून फार काही कळत नाही.

ते “अगदी बरोबर” कुठलं असावं, याचाही अंदाज करता येतो. यादीत एक वाक्य आहे: स्वतःबद्दल मला आणखी आदर वाटला असता तर बरं झालं असतं. मूळ हेतूप्रमाणे ही कमतरतेची कबुली आहे. फोनवर घाईत त्याचं मराठी “स्वतःचा आणखी आदर करायला हवा असं वाटतं का?” असं झालं, तर ऐकणाऱ्याला तो चांगला संकल्प वाटतो, आणि चांगल्या संकल्पाला कोण नाही म्हणेल? ही अडचण मराठीपुरती नाही. ५३ देशांत, २८ भाषांमधून, सुमारे १७ हजार लोकांकडून ही यादी भरून घेतली गेली. त्याचे निष्कर्ष २००५ साली आले. उलट्या वाक्यांचा अर्थ सगळीकडे सारखा लावला जात नाही, हे त्यात स्पष्ट दिसलं. दुसरी गोष्ट अशी की प्रत्येक देशाची सरासरी मधल्या रेषेच्या वरच होती. स्वतःला नगण्य मानणारा असा कुठलाच समाज त्यात निघाला नाही. फरक होता तो स्वतःबद्दलचं चांगलं मत किती मोठ्यानं बोलायचं यात.

आपल्याकडे ते हळूच बोलतात. पुरणपोळी छान झाली म्हटलं की “आज जरा जाडच झाल्या” हे उत्तर ठरलेलं. बोलणारीला पोळी चांगली झाल्याचं पक्कं ठाऊक असतं, ऐकणारीलाही. जपानी माणसं तर स्वतःच्या चुका शोधण्याला चांगली सवय मानतात, तिला ‘हान्सेई’ असा शब्दही आहे. २००१ सालच्या एका प्रयोगमालिकेत जपानी आणि उत्तर अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना एक काम दिलं होतं. ते जमलं नाही असं सांगितल्यावर अमेरिकन मुलांनी तसल्या कामाचा नाद लवकर सोडला, जपानी मुलं उलट जास्त वेळ चिकटून राहिली. तेव्हा स्वतःतली उणीव सांगणारा प्रत्येक जण खचलेला असतो, असं धरून चालू नये.

तरी मुलीची काळजी अगदीच वाऱ्यावर सोडू नका, कारण आपल्याच घरांत नम्रतेच्या आड खरोखरची कुचंबणाही लपते. दोन्हींतला फरक ओळखायला तीन गोष्टी बघा. कौतुक झाल्यावर तोंडानं नाही म्हणताना आतून बरं वाटतं, की अस्वस्थ व्हायला होतं? कुणी चूक दाखवली तर ती संध्याकाळपर्यंत विसरता, की चार-चार दिवस टोचत राहते? आणि स्वतःसाठी काही मागता येतं का? गुडघ्यासाठी डॉक्टरांकडे जायचं आहे, दुपारी तासभर पडायचं आहे, या लग्नाला जायचं नाही, हे घरात सांगता येतं का? तिसऱ्याचं उत्तर सर्वांत महत्त्वाचं. तिथे अडखळत असाल तर मुलीशी जरूर बोला. तिन्ही ठीक असतील तर तिला वरचा हिशेब वाचून दाखवा.

ती जो निष्कर्ष काढते आहे तो आणखी एका कारणानं घाईचा आहे. आत्मसन्मान कमी म्हणजे आयुष्यात समाधान नाही, हे समीकरण सगळीकडे सारखं बसत नाही. मानसशास्त्रज्ञ एड डीनर आणि मारिसा डीनर यांनी १९९५ साली ३१ देशांतल्या १३ हजारांवर कॉलेज विद्यार्थ्यांची माहिती एकत्र मांडली. जिथे माणूस स्वतःच्या निवडीवर जगतो असं समजतात, त्या समाजांत “मी मला आवडतो” आणि “माझं आयुष्य चांगलं चाललंय” या दोन गोष्टी घट्ट जोडलेल्या दिसल्या. कुटुंब आणि नाती आधी धरणाऱ्या समाजांत तो सांधा सैल होता. दोनच वर्षांनी हाँगकाँग आणि अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या तुलनेत त्या जागी काय असतं तेही दिसलं: जवळच्या माणसांशी जुळलेलं असणं. अमेरिकेच्या मानानं हाँगकाँगमध्ये त्याचं वजन जास्त निघालं. आत्मसन्मानाचं वजन तिथेही शून्य नव्हतं, हे मात्र विसरू नये.

मुलीला तुमच्याबद्दल जाणून घ्यायचंच असेल तर तिनं आत्मसन्मानाची यादी बाजूला ठेवावी आणि आयुष्याबद्दल विचारावं. डीनर आणि सहकाऱ्यांनीच १९८५ साली केलेली पाच विधानांची यादी त्यासाठी सोपी आहे. मराठीत ती अशी विचारता येईल: माझं आयुष्य बऱ्याच अंशी माझ्या मनासारखं आहे, माझी परिस्थिती उत्तम आहे, मी माझ्या आयुष्यावर समाधानी आहे, ज्या महत्त्वाच्या गोष्टी हव्या होत्या त्या आतापर्यंत मिळाल्या, हेच आयुष्य पुन्हा पहिल्यापासून जगायचं म्हटलं तरी मी त्यात जवळजवळ काही बदलणार नाही. प्रत्येकाला १ ते ७ गुण, कमीत कमी ५, जास्तीत जास्त ३५. २० म्हणजे बरोबर मध्यावर. २१ ते २५ थोडं समाधान, २६ ते ३० समाधान, त्यावर भरपूर समाधान. खाली १५ ते १९ थोडं असमाधान, १० ते १४ असमाधान, ९ आणि कमी म्हणजे फारच असमाधान. इथे उलटं वाक्य एकही नाही, त्यामुळे मघाचा घोटाळा होत नाही. अर्थात सगळ्यालाच हो म्हणणाऱ्याचे गुण या यादीत फुगतात. म्हणून फोनवर न विचारता कागद तुमच्या हाती द्यावा.

प्रश्न: आमच्या लोकमान्यनगरच्या ज्येष्ठ मंडळात ८० सभासद आहेत. सभासद किती समाधानी आहेत याची पाहणी करून वार्षिक सभेत मांडावी असं ठरलं आहे. मी सचिव आहे. प्रश्न मी वाचून दाखवणार आणि हात वर करून मोजणार. आणखी काय काळजी घ्यावी?

उत्तर: काका, हात वर करून मोजणं तेवढं रद्द करा. शेजारी व्याही बसलेले असताना “परिस्थिती उत्तम नाही” म्हणून कुणी हात वर करणार नाही. वरची पाच विधानं घ्या, पण जशी छापली आहेत तशी लगेच वापरू नका.

आधी भाषा. मराठीत समाधान वाटतंही आणि माणूस ते मानूनही घेतो. “तुम्ही समाधानी आहात का?” असं विचारलं की आपल्या पिढीतली बरीच माणसं दुसऱ्या क्रियापदानं उत्तर देतात: आहे त्यात समाधान मानायचं, रडत कशाला बसायचं. हा स्वभावाचा गुण झाला, आयुष्याचं मोजमाप झालं नाही. म्हणून कागदावर वर एक ओळ छापा: ‘कसं वाटायला हवं ते सोडून, गेल्या काही महिन्यांत खरोखर कसं वाटतं ते लिहा.’ पाचव्या विधानात ‘पुन्हा जन्म मिळाला तर’ असं कुणी लिहील, ते होऊ देऊ नका. जन्म हा शब्द आला की माणसं पुनर्जन्म आणि मोक्षाबद्दल उत्तर द्यायला लागतात. या विधानानं दुसरीकडेही दगा दिला आहे. एकूण समाधान सारखं असलं तरी चिनी विद्यार्थी त्याला अमेरिकन विद्यार्थ्यांइतके सहज हो म्हणत नाहीत, असं आढळलं आहे. आयुष्यात सुधारायला जागा आहे असं मानणं तिथे समाधानाच्या आड येत नाही.

सात पायऱ्यांना शब्द द्या, नुसते आकडे नकोत: अजिबात पटत नाही, पटत नाही, फारसं पटत नाही, धड पटतंही नाही आणि पटत नाही असंही नाही, थोडंफार पटतं, पटतं, अगदी पटतं. मधल्या पायरीला ‘सांगता येत नाही’ लिहू नका. ज्यांना प्रश्न कळला नाही ते सगळे तिथे येऊन बसतात आणि त्यांचे चार-चार गुण धरले जातात.

मराठी मसुदा झाला की तो एका अशा माणसाला द्या ज्यानं मूळ यादी पाहिलेली नाही, आणि त्याच्याकडून हिंदीत उलटा करून घ्या. आपल्या इंदूरला असा माणूस शोधावा लागत नाही. उलट्या भाषांतरात अर्थ सरकलेला दिसला तर मराठी वाक्य दुरुस्त करा. मग पाच-सहा जणांकडून भरून घ्या आणि प्रत्येक वाक्याचा अर्थ काय लावला ते विचारा. त्यांचे कागद मोजणीत धरू नका.

प्रश्नांचा क्रम हा मोठा सापळा आहे. १९८८ साली अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारले होते: एकूण किती सुखी आहात, आणि डेटिंगच्या भेटीगाठी साधारण किती वेळा होतात. सुखाचा प्रश्न आधी होता तेव्हा दोन उत्तरांचा मेळ जवळजवळ नव्हता (० म्हणजे मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ; इथे उणे ०.१२). भेटीगाठींचा प्रश्न आधी ठेवल्याबरोबर तोच आकडा ०.६६ झाला. जे नुकतं मनात आलं, त्याच्याच चष्म्यातून माणूस सगळं आयुष्य बघतो. तुम्ही आधी गुडघेदुखी, मुलं किती लांब राहतात, पेन्शन किती येते हे विचारलंत आणि मग समाधान विचारलंत, तर गुडघ्याचंच समाधान मोजून याल. पाच विधानं सगळ्यांत वर ठेवा, बाकीचं खाली.

कागद १६ पॉइंटच्या टाइपात छापा. नाव विचारू नका. वय ६० ते ६९, ७० ते ७९, ८० आणि वर असं गटात विचारा. घडी घालून बंद पेटीत टाकायला सांगा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मंडळाबाहेरच्या कुणीतरी वाचून दाखवावं. सून, मुलगा किंवा सचिव यांनी नाही. सहलीनंतरचा आठवडा, गणपती आणि दिवाळी टाळा. पुढच्या वर्षी करणार असाल तर तोच महिना ठेवा.

मोजताना पाचपैकी एक उत्तर कोरं असेल तर बाकीच्या चारांची सरासरी पाचांनी गुणा. दोन कोरी असतील तर तो कागद सोडा, पण असे किती सोडले ते सभेत सांगा. दहापेक्षा लहान गटाचा आकडा जाहीर करू नका. ८० वर्षांवरचे चारच जण असतील तर कोण नाखूश आहे ते सगळ्या कॉलनीला कळेल. आणि या वर्षी २४, पुढच्या वर्षी २५ आले तर टाळ्या वाजवू नका. माणसामाणसांतला फरक साधारण ६ गुणांचा धरला, तर ८० जणांच्या सरासरीत दोन गुणांच्या आतला चढउतार नुसत्या योगायोगानंही येतो.

प्रश्न: मुलगा फिनलंडमध्ये आहे. लोक शेजाऱ्याशीही बोलत नाहीत म्हणतो. मग तो देश सुखात पहिला आणि आपण इतके खाली, हे कसं?

उत्तर: ती यादी दरवर्षीच्या जागतिक आनंद अहवालातली (वर्ल्ड हॅपीनेस रिपोर्ट). तिच्यासाठी सुख किंवा हसणं-बोलणं मोजतच नाहीत. मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांनी १९६५ साली मांडलेली शिडी त्यात वापरतात. ० ते १० पायऱ्यांची शिडी डोळ्यांपुढे आणा, सगळ्यांत वरची पायरी म्हणजे तुमच्यासाठी शक्य असलेलं उत्तम आयुष्य, सगळ्यांत खालची म्हणजे वाईटात वाईट. आज तुम्ही कुठल्या पायरीवर आहात? एवढाच प्रश्न. देशागणिक दरवर्षी साधारण हजार जणांना विचारतात आणि तीन वर्षांची सरासरी काढतात. उत्पन्न, आधार देणारी माणसं, निरोगी आयुर्मान, निर्णयाचं स्वातंत्र्य, औदार्य आणि भ्रष्टाचार या सहा गोष्टी मिळवून क्रमांक काढतात असं अनेक ठिकाणी छापून येतं, ते चूक आहे. क्रमांक शिडीवरून येतो. या सहा गोष्टी नंतर कारणं शोधायला घेतात.

फिनलंड २०१८ पासून सलग पहिला आहे. पाकीट हरवलं तर परत मिळेल, आजारपणात घर विकावं लागणार नाही, हा भरवसा तिथल्या माणसाला वरच्या पायरीवर उभा करतो. शेजारी बोलला नाही तरी तो भरवसा राहतो. २०२५च्या अहवालात भारत १४७ देशांत ११८वा होता. त्याच वर्षी कोस्टारिका सहावा आणि मेक्सिको दहावा आला. दोन्ही देश श्रीमंत नाहीत, पण घरची माणसं आणि एकत्र जेवण तिथे भक्कम आहे. दुसरीकडे जपानसारखे श्रीमंत देश पैशाच्या मानानं खाली राहतात. तिथे कागदावर मधला आकडा निवडण्याची सवय आहे. १९९५ साली जपान आणि तैवानमधल्या मुलांची अमेरिका आणि कॅनडातल्या मुलांशी तुलना झाली, तेव्हाही हे दिसलं होतं. म्हणून दोन देशांत पाच-दहा क्रमांकांचा फरक असेल तर त्यावर वाद घालू नये. आपल्यात आणि फिनलंडमध्ये तीन पायऱ्यांहून जास्त अंतर आहे. ते मात्र सवयीचं म्हणून उडवून लावता येत नाही.

प्रश्न: वय ३४, विजयनगरला राहते, शाळेत शिकवते. घरात सहा माणसं. सगळे म्हणतात, सून असावी तर अशी. पाच विधानांत माझे गुण १६ आले. नाती चांगली असली की समाधान मिळतं ना? मग मला का नाही?

उत्तर: ताई, नाती चांगली आहेत हे तुमच्या पत्रात सगळे म्हणत आहेत. तुम्ही कुठेच म्हटलेलं नाही. हाँगकाँगच्या ज्या अभ्यासाचा वर उल्लेख केला, त्यात नात्यातला मेळ ज्याचा त्यालाच विचारला होता. घरात भांडण नाही एवढ्यानं मेळ सिद्ध होत नाही. एकीनं गप्प राहूनही घर शांत राहतं. ६१ देशांच्या १९९८ सालच्या तुलनेत असंही दिसलं की आपल्यासारख्या समाजांत माणूस समाधान ठरवताना लोक काय योग्य मानतात ते बघतो आणि स्वतःला रोज कसं वाटतं तेही बघतो. दोन्ही. तुमचं पहिलं पारडं भरलेलं आहे, दुसरं रिकामं. १६ गुण त्या रिकाम्या पारड्याचे आहेत, त्यांना खोटं ठरवू नका.

एका कागदावर पाच माणसांची नावं लिहा, ज्यांच्याशी तुमचं नातं सर्वांत महत्त्वाचं आहे. माहेरचं किंवा शाळेतलं माणूस असलं तरी चालेल. प्रत्येकापुढे १ ते ७ आकडा, तुमच्या बाजूनं. सरासरी काढू नका, कारण आईचे ७ नवऱ्याचे ३ झाकून टाकतात. सर्वांत कमी आकडा असलेलं एकच नाव घ्या आणि त्या माणसाकडे एकच मोजता येणारी मागणी करा. “मला समजून घेत नाहीत” ही मागणी होत नाही, कारण ती पुरी झाली की नाही हे दोघांनाही सांगता येत नाही. “रविवारी दुपारी २ ते ५ मला कुणी हाक मारायची नाही, चहा तुम्ही करायचा,” ही होते. दोघंच असताना बोला, जेवणाच्या ताटावर सगळ्यांसमोर नाही. चारचौघांत मागितलेली गोष्ट तक्रार ठरते आणि मग वाद मागणी सोडून तुमच्या स्वभावावर जातो. तीन आठवडे पाळून बघा आणि पाच विधानं पुन्हा भरा.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. दोन आठवडे सलग उदास वाटत असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नसेल, तर हे कागद बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. जगणं नकोसं वाटत असेल तर तीन आठवडे थांबायचं नाही, आज फोन करायचा.

प्रश्न: आपलं इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतं. शहराच्या अभिमानानं माणसाचं समाधान वाढतं का? (राजवाडा परिसरातील वाचक)

उत्तर: संबंध आहे. आपल्या देशाबद्दल समाधानी असलेली माणसं स्वतःच्या आयुष्याबद्दलही जास्त समाधानी असतात, असं शंभरावर देशांतल्या माहितीवरून दिसलं आहे, आणि हा धागा गरीब देशांत जास्त मजबूत असतो. जिथे स्वतःच्या खिशातून दाखवण्यासारखं थोडं असतं, तिथे आपलं गाव, आपला देश हाही स्वतःच्या प्रतिमेचाच भाग होतो. शहराबद्दलही तसंच घडत असावं. ते पडताळायचं असेल तर प्रश्न दोन ठेवा: शहराबद्दल काय वाटतं आणि तुमच्या गल्लीबद्दल काय वाटतं. पण आयुष्याचा प्रश्न दोन्हींच्या आधी.